जपानी रेल्वेतील वेगनिदर्शक संकेत व चालन-सदृशक

रेल्वेच्या ज्या सिग्नलांचा अर्थ केवळ 'थांबा' किंवा 'जा' एवढाच नसून गाडीने किती वेगमर्यादेत पुढे जावे असा असतो, त्यांना वेगनिदर्शक संकेत असे म्हणतात. रूळमार्गाच्या आरंभीच्या काळात सिग्नलाचे काम पुढील वाट मोकळी आहे की नाही एवढे सांगण्याचेच होते. गाड्यांचा वेग व त्यांची गर्दी वाढत गेली, तशी ही माहिती अपुरी पडू लागली. लाल दिवा डोळ्यांना दिसल्यानंतर ब्रेक लावून गाडी त्याच्या अलीकडे थांबेलच अशी खात्री राहिली नाही. त्यामुळे लाल दिव्याच्या आधीच्या सिग्नलाने चालकाचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवीत न्यावा, ही कल्पना पुढे आली. जपानमध्ये ही पद्धत अतिशय काटेकोरपणे अंमलात आली आणि तिच्या उणिवाही तेथेच मोठ्या प्राणहानीच्या रूपाने उघड झाल्या. याच देशात १९९० नंतरच्या काळात गाडी चालविण्याचे सदृशीकरण करणारी यंत्रे व संगणकीय खेळ विलक्षण लोकप्रिय झाले, त्यामुळे या संकेतांची शिस्त रेल्वेच्या नोकरीत नसलेल्या हजारो लोकांनाही परिचित झाली.

दोन परंपरा : संकेतयोजनेचे स्थूलमानाने दोन प्रकार मानतात. मार्गनिदर्शक पद्धतीत सिग्नल गाडी कोणत्या मार्गावर वळणार ते दाखवितो आणि त्या मार्गावरील वेगमर्यादा चालकाने स्वतःच्या माहितीने पाळावयाची असते. ग्रेट ब्रिटन व भारत यांच्या रेल्वे प्रामुख्याने या परंपरेतील आहेत. या पद्धतीत चालकाच्या मार्गज्ञानावर किती भिस्त ठेवलेली असते, हे इंग्लंडमधील बोर्न एंड येथे ३० सप्टेंबर १९४५ रोजी झालेल्या अपघातावरून दिसून येते. पर्थहून लंडनकडे येणारी रात्रीची जलद गाडी तेथे शेजारच्या मार्गावर वळविली जाणार होती. त्या सांध्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैलांची (सु. ३२ किमी.) होती. इशाऱ्याच्या सिग्नलाने दुहेरी पिवळा प्रकाश दाखविला, पण वेग किती हवा ते सांगणे हे त्या प्रकाशाचे कामच नव्हते. गाडी सांध्यांवर याच्या दुपटीहून अधिक वेगाने आली, रूळांवरून घसरली आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. वेगनिदर्शक पद्धतीत याउलट सिग्नलाचा रंग हाच वेगाचा आकडा असतो. गाडी उजवीकडे जाणार की डावीकडे हे तेथे दुय्यम ठरते.

जपानमधील पहिला रूळमार्ग शिंबाशी (तोक्यो) ते योकोहामा असा १८७२ मध्ये सुरू झाला. बोरीबंदर-ठाणे मार्गाप्रमाणेच तोही ब्रिटिश अभियंत्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला होता, त्यामुळे सिग्नलही साहजिकच ब्रिटिश धर्तीचे, खांबावर हलणारा हात असलेले, असे होते. (मराठीत गाडीला वाट मिळाली की 'सिग्नल पडला' असे म्हणतात, ते याच प्रकारच्या, हात खाली पडून वाट मोकळी दाखविणाऱ्या सिग्नलांमुळे.) पुढे रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल आले आणि जपानी रेल्वेने त्यांतील मधल्या रंगांना निश्चित वेग जोडून दिले. ब्रिटिश घराण्यातील या दोन शाखांची वाट येथे वेगळी झाली. भारतात पिवळा दिवा 'सावध राहा, पुढचा सिग्नल लाल असू शकेल' असे सांगतो. जपानमध्ये तोच दिवा वेगाचा आकडा सांगतो.

रंग व वेग : जपानी रेल्वेत सर्वसाधारणपणे पाच संकेत आढळतात. हिरवा म्हणजे मार्गाच्या कमाल वेगाने जाण्याची मोकळीक. पिवळा व हिरवा हे दोन्ही दिवे एकत्र लागल्यास तो 'वेग कमी' हा संकेत होय. त्याची मर्यादा बहुतेक मार्गांवर ताशी ६५ किमी. असते, काही कंपन्या ती ७५ धरतात. एकच पिवळा दिवा म्हणजे 'सावधान'. याला ताशी ४५ किंवा ५५ किमी. दोन पिवळे दिवे म्हणजे 'दक्षता', ताशी २५ किमी. लाल म्हणजे थांबा. याच्या उलट टोकाला दोन हिरव्या दिव्यांचा एक दुर्मिळ संकेतही आहे. तो ताशी १६० किमी. वेगाने जाण्याची परवानगी देतो. होकुहोकु मार्गावर २०१५ पर्यंत धावणाऱ्या जलद गाड्यांसाठी तो वापरला जाई आणि नारिता विमानतळाकडे जाणाऱ्या, २०१० मध्ये सुरू झालेल्या केइसेई कंपनीच्या मार्गावरही तो योजलेला आहे. जपानी पद्धत शुद्ध वेगनिदर्शक आहे असे मात्र म्हणता येत नाही. जेथे मार्ग फुटतात तेथे प्रत्येक मार्गासाठी स्वतंत्र सिग्नल उभा असतो आणि सांध्यावरील वेगमर्यादा पाटीवरून किंवा स्मरणातूनच पाळावी लागते. वळणांचेही तसेच. ही तपशिलाची बाब पुढे फार महाग पडली.

हे आकडे मनमानीने ठरविलेले नाहीत. ब्रेकचा जोर कायम धरल्यास गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दर सेकंदास सेकंदाला ०·७ मी. याप्रमाणे कमी होत आहे असे मानल्यास ताशी १०० किमी. वेगाच्या गाडीला थांबावयास सु. ५५० मी. लागतात, ४५ किमी. वेगाच्या गाडीला सु. ११० मी., तर २५ किमी. वेगाच्या गाडीला अवघे ३५ मी. पुरतात. म्हणजे दोन गाड्यांमधील अंतर जितके थोडे, तितका मागच्या गाडीचा वेग कमी हवा. एकामागोमाग लागलेले सिग्नल हेच गणित रंगांत मांडतात. जपानमधील सामान्य मार्गांवर आणीबाणीचा ब्रेक लावल्यावर गाडी ६०० मी.च्या आत थांबलीच पाहिजे असा दंडक दीर्घकाळ होता. त्यामुळे एंजिनांची शक्ती वाढली तरी या मार्गांवरील कमाल वेग फार काळ ताशी १३० किमी.च्या पुढे जाऊ शकला नाही. वेग ठरविणारी खरी वस्तू एंजिन नसून ब्रेक आहे, हे या नियमाने मान्य केले होते.

चालकाची रीत : वेगनिदर्शक सिग्नलाबाबत नवख्या माणसाचा नेहमी होणारा घोटाळा असा, की पिवळा दिवा ओलांडल्यावर वेग कमी करावयास लागायचे, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात सिग्नलाच्या खांबापाशी पोहोचतानाच गाडीचा वेग त्या मर्यादेत आलेला असावा लागतो. वरील हिशेबाने ताशी १०० किमी.वरून ६५ वर येण्यासच सु. ३२० मी. खर्ची पडतात. म्हणून चालक सिग्नल दिसताच त्याचे नाव व वेग मोठ्याने उच्चारतो, बोटाने त्याकडे निर्देश करतो आणि त्याच क्षणी हात ब्रेकच्या दांड्याकडे नेतो. निर्देश करून उच्चारण्याची ही रीत जपानी एंजिन-चालकांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीस रूढ झाली व पुढे इतर उद्योगांतही पसरली. तोक्यो येथील रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने १९९० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत या रीतीमुळे चुकांचे प्रमाण सु. एकषष्ठांशावर आल्याचे आढळले. परदेशी प्रवाशांना हा प्रकार गमतीचा वाटतो. परंतु डोळा, जीभ व हात यांना एकाच वेळी गुंतवून मनाला भरकटू न देण्याचा याहून स्वस्त उपाय सापडलेला नाही.

इशारा व त्याची मान्यता : चालक चुकला तर गाडी आपोआप थांबावी, यासाठीचे प्रयत्न जुने आहेत. तोक्योतील आसाकुसा ते उएनो हा भुयारी मार्ग डिसेंबर १९२७ मध्ये सुरू झाला, तेव्हाच तेथे लाल सिग्नलाशेजारी रूळालगत उभा राहणारा एक दांडा बसविलेला होता. गाडी पुढे गेलीच तर हा दांडा तिच्या ब्रेकची कळ फिरवी. राष्ट्रीय रेल्वेच्या विस्तीर्ण जाळ्यावर मात्र असे काही सरसकट नव्हते. ३ मे १९६२ रोजी रात्री तोक्योतील मिकावाशिमा स्थानकाजवळ एक मालगाडी लाल सिग्नल ओलांडून रूळांवरून घसरली आणि तिच्यावर आदळून प्रवासी गाडीही घसरली. प्रवासी खाली उतरून रूळांवर आले; सु. सात मिनिटांनी उलट दिशेने येणारी दुसरी प्रवासी गाडी त्यांच्यावर व डब्यांवर येऊन धडकली. १६० माणसे दगावली. या सात मिनिटांत ती गाडी कोणी थांबविली नाही, या गोष्टीने जपानी जनमत हादरून गेले.

यानंतर राष्ट्रीय रेल्वेने १९६६ पर्यंत आपल्या सर्व मार्गांवर स्वयंचलित थांबा यंत्रणा बसविली. ती एटीएस या आद्याक्षरांनी ओळखली जाते. लाल सिग्नलाकडे गाडी येऊ लागली, की चालकाच्या कक्षात घंटा वाजे. पाच सेकंदांत त्याने ब्रेक लावून मान्यतेचे बटन दाबले नाही, तर आणीबाणीचा ब्रेक आपोआप लागे. योजना साधी व अल्पखर्ची होती, पण तिच्यात मोठी मेख होती. बटन एकदा दाबले की यंत्रणेचे काम संपे. त्यानंतर गाडी लाल सिग्नलापर्यंत कोणत्या वेगाने जाते याची दखल कोणीही घेत नसे. शहरी मार्गांवर गर्दीच्या वेळी पुढचा सिग्नल लाल असणे ही नित्याचीच गोष्ट. तेथे दिवसातून असंख्य वेळा घंटा वाजते व असंख्य वेळा बटन दाबले जाते आणि हळूहळू ती क्रिया विचाराशिवाय होऊ लागते. इशारा सवयीचा झाला की तो इशारा राहत नाही.

ही उणीव शासनाला ठाऊक नव्हती असे नाही. परिवहन मंत्रालयाने १९६७ मध्ये मोठ्या खाजगी रेल्वे कंपन्यांना वेगही तपासणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय रेल्वे या आदेशाच्या कक्षेबाहेर राहिली आणि १९८७ मध्ये तिचे विभाजन होऊन निरनिराळ्या कंपन्या निघाल्या, त्या वेळी तो आदेशच रद्द झाला. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९८८ रोजी, तोक्योच्या हिगाशी-नाकानो स्थानकात उभ्या असलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळून तिचा चालक व एक प्रवासी ठार झाले. मान्यतेनंतर संरक्षण संपण्याचा जुना दोष यामुळे पुन्हा चव्हाट्यावर आला. त्यानंतर एटीएस-पी ही सुधारित यंत्रणा वेगाने पसरू लागली. तीत रूळांमध्ये बसविलेले प्रेषक लाल सिग्नलापर्यंतचे अंतर गाडीला कळवितात. गाडीतील संगणक त्यावरून वेग कसा उतरत गेला पाहिजे याचा वक्रालेख तयार करतो आणि गाडीचा वेग त्या आलेखाच्या वर जाताच स्वतः ब्रेक लावतो. येथे मान्यतेच्या बटनाला अर्थ उरत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरही लोकल गाडीने लाल सिग्नल ओलांडल्यास ब्रेक आपोआप लावणारी सहायक इशारा यंत्रणा आहे. सिग्नल मात्र मार्गनिदर्शक परंपरेतलेच राहिले आहेत.

खांबावरून कक्षात : तोकाइदो शिनकानसेन हा तोक्यो-ओसाका अतिजलद मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला, तेव्हा वेगनिदर्शनाची कल्पना तिच्या तर्कशुद्ध टोकाला पोहोचली. ताशी २१० किमी. वेगाच्या गाडीला थांबण्यास वरच्याच हिशेबाने सु. अडीच किमी. अंतर लागते आणि त्या वेगात रूळाकाठचा दिवा विश्वासाने वाचता येत नाही. म्हणून सिग्नलांचे खांबच काढून टाकण्यात आले. रूळांतून जाणाऱ्या विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने अनुज्ञेय वेग चालकासमोरच्या वेगमापकावर दाखविला जाऊ लागला : २१०, १६०, ११०, ७०, ३० व शून्य. मर्यादा उतरली की ब्रेक आपोआप लागत, ती गाठली की सुटत. चालकाच्या हाती स्थानकात ताशी ३० किमी.च्या आत आल्यावर गाडी नेमक्या खुणेवर उभी करण्याचे काम उरे. पायऱ्यापायऱ्यांनी लागणारे हे ब्रेक प्रवाशांना धक्के देत व वेळही खात. त्यामुळे २००२ नंतर अतिजलद मार्गांवर एकाच अखंड वक्रालेखाने वेग उतरविणारी अंकीय यंत्रणा येऊ लागली. तोकाइदो मार्गावर ती २००६ मध्ये सुरू झाली. तोक्योच्या यामानोते या वर्तुळाकार उपनगरी मार्गावरही १९८१ पासून सिग्नल चालकाच्या कक्षातच दिसू लागले होते.

चालन-सदृशक : चालकांना प्रत्यक्ष मार्गावर नेण्यापूर्वी कृत्रिम कक्षात शिकविण्याची पद्धत अनेक देशांत आहे. जपानचे वैशिष्ट्य असे, की तेथे ही कला सामान्य लोकांच्या करमणुकीचा विषय झाली. संगीतकार मुकाइया मिनोरू यांच्या ओंगाकुकान या संस्थेने १९९५ पासून प्रत्यक्ष मार्गाचे चित्रण वापरणारे संगणकीय सदृशक काढले. याच संस्थेने पुढे रेल्वे कंपन्यांना प्रशिक्षणासाठीचे सदृशकही पुरविले. टायटो कंपनीचा 'डेन्शा दे गो!' हा नाण्यावर चालणारा खेळ १९९६ मध्ये आला व घरोघर पोहोचला. त्याच सुमारास बीव्हीई नावाची विनामूल्य संगणकीय प्रणाली निघाली. तीत हौशी मंडळींनी निरनिराळ्या मार्गांच्या संकेतयोजना त्यांच्या घंटांसह बारकाईने उतरविल्या.

अशा सदृशकात वर वर्णिलेल्या यंत्रणांमधील फरक वाचून कळतो त्याहून लवकर कळतो. जुन्या एटीएसच्या मार्गावर घंटा वाजली की बटन दाबावे लागते आणि पुढची सारी जबाबदारी स्वतःवर आली आहे हे क्षणात जाणवते. एटीएस-पीच्या मार्गावर पुढचा सिग्नल डोळ्यांदेखत हिरवा झाला, तरी पुढील प्रेषकावरून नवी माहिती मिळेपर्यंत गाडी जुन्याच आलेखाला बांधलेली राहते. घाईने वेग वाढविल्यास यंत्रच ब्रेक लावते. कक्षातील सिग्नलांच्या मार्गावर मर्यादा घंटीच्या एका ठोक्यासरशी बदलते. तेथे कुशल चालक पुढची पायरी ओळखून आधीच वेग उतरवीत आणतो, म्हणजे यंत्राला ब्रेक लावण्याची वेळच येत नाही. पिवळ्या दिव्यावर ताशी ४५ ची मर्यादा असता ४४ वर गाडी स्थिर ठेवण्याचे कसबही येथेच अंगी बाणते. फार हळू गेल्यास मागच्या गाड्या तुंबतात आणि वेळापत्रक ढासळते.

हे वेळापत्रक म्हणजे जपानी रेल्वेचा मानबिंदू. अनेक मार्गांवर चालकाजवळील वेळापत्रकात १५ सेकंदांच्या पटीत वेळा दिलेल्या असतात. खेळांतही सेकंदाच्या विलंबाला व थांबण्याची खूण चुकल्यास गुण कापले जातात. खेळणाऱ्याला त्यात आव्हान वाटते. नोकरीत त्याचा अर्थ काय होता, ते २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी शहराजवळ दिसले. पश्चिम जपान रेल्वे कंपनीची एक गाडी इतामी स्थानकात खूण ओलांडून सु. ७० मी. पुढे गेली, मागे घ्यावी लागली आणि तिला दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला. २३ वर्षे वयाच्या चालकाला चालकपदाचा अनुभव ११ महिन्यांचा होता. चुका करणाऱ्या चालकांना या कंपनीत शिक्षावजा 'पुनःप्रशिक्षण' दिले जाई. त्यात गाडी चालविण्याच्या शिक्षणापेक्षा निबंध लिहिणे व बोलणी खाणे अधिक असे आणि या चालकाने ते पूर्वी भोगलेले होते. चौकशीच्या निष्कर्षानुसार, गार्ड नियंत्रण कक्षाला आपल्या चुकीविषयी काय सांगतो आहे याकडे त्याचे लक्ष लागले असावे व त्यामुळे ब्रेक लावण्यास उशीर झाला. ३०४ मी. त्रिज्येच्या वळणावर मर्यादा ताशी ७० किमी. होती, गाडी सु. ११६ किमी. वेगाने आत शिरली. या वेगाला बाहेर फेकणारे बल मर्यादेतील बलाच्या पावणेतीनपट होते. पुढचे डबे मार्गालगतच्या इमारतीवर आदळले. चालकासह १०७ जण ठार व ५६२ जखमी झाले.

त्या वेळी सिग्नल हिरवा होता. पुढे गाडी नव्हती, मार्ग मोकळा होता आणि वेगनिदर्शक संकेताने जे सांगावयाचे ते बिनचूक सांगितले होते. हे वळण पूर्वी ६०० मी. त्रिज्येचे होते, १९९६ मध्ये नव्या जोडमार्गासाठी ते जवळजवळ दुप्पट तीव्र करण्यात आले. तेथे वळणाचा वेग तपासू शकणारी एटीएस-पी यंत्रणा अद्याप कार्यान्वित झालेली नव्हती, म्हणून ती मर्यादा पाटीवर व चालकाच्या स्मरणातच राहिली. सहा दशकांपूर्वी बोर्न एंड येथे जी माहिती दिव्यात नव्हती, तीच येथेही नव्हती. १९ जून २००५ रोजी मार्ग पुन्हा सुरू करताना नवी यंत्रणा बसविण्यात आली होती आणि शासनाने तीव्र वळणांवर वेग तपासणारी साधने देशभर सक्तीची केली.

सदृशकाचे प्रशिक्षणातील स्थान या अपघातानंतर वाढले. प्रत्यक्ष मार्गावर मुद्दाम घडविता येत नाहीत असे प्रसंग त्यात उभे करता येतात : हिरवा सिग्नल एकाएकी लाल होणे, धुक्यात खांब उशिरा दिसणे, ब्रेकचा जोर अर्ध्यावर येणे, वळणाच्या तोंडाशी नियंत्रण कक्षाचा संदेश येऊन लक्ष दुसरीकडे जाणे. काही सदृशकांचे कक्ष द्रवीय दट्ट्यांवर हलतात, त्यामुळे ब्रेकचा ओढा पाठीला थोडाफार जाणवतो. भरलेल्या डब्यांचे वजन व वळणावर गाडी कलू लागल्याची जाणीव त्यांत अंशतःच आणता येते, आणि पुढच्या स्थानकात जाब विचारला जाईल ही धास्ती तर मुळीच आणता येत नाही.